दोन दिवसांचं मंत्रिमंडळ

प्रा. भीमराव ओहोळ आतल्या खोलीतून "एक! एकच लिहा हो!" असं ओरडले आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराचं दार लागलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटलं. ललिताबाईंनी ते हलक्या हाताने, कडीचाही आवाज न करता लोटलं होतं, आणि कोथरूडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दार आहे ही गोष्ट बावीस वर्षांत पहिल्यांदा भीमरावांच्या लक्षात आली. झालं होतं ते एवढंच. सकाळी साडेअकराला सरकारी आरोग्य पाहणीसाठी एक तरुण मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि उन्हातून आलेली असूनही पाणी नको म्हणणारी. नाव श्रद्धा म्हणाली, गाव यवतमाळकडचं. बैठकीच्या खोलीत तिने ललिताबाईंना वय विचारलं, शिक्षण विचारलं, रक्तदाब, साखर, गुडघे विचारले. ललिताबाई टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या, त्यामुळे विचारलं तेवढंच आणि स्पष्ट सांगायची त्यांना सवय. मग मुलीने विचारलं, "काकू, आजवर जिवंत जन्मलेली मुलं एकूण किती?" आणि ललिताबाई त्याच आवाजात म्हणाल्या, "दोन." तेव्हा भीमरावांच्या हातातलं लाल पेन थांबलं आणि विचार करायच्या आत ते ओरडले. एक मुलगी, मैत्री, बंगळूरला असते, आयटीत, लिहा. बाहेर टॅबवर बोट टेकल्याची टिकटिक ऐकू आली, मुलीने "येते काकू" म्हटलं, चपला घातल्या, आणि मग ते दार.

भीमरावांनी पेन पुन्हा उचललं. ते मुळात डगमगणारे गृहस्थ नव्हतेच. समोर त्यांच्या 'ब्रिटिश मंत्रिमंडळांचा इतिहास' या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीची शेवटची मुद्रितं पडली होती आणि दुपारी चार वाजता प्रकाशनाचा अनिरुद्ध ती न्यायला येणार होता. पुण्यात स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या निम्म्या पोरांनी या पुस्तकाचं मागचं कोष्टक पाठ केलेलं असतं, असं भीमराव सांगत, आणि उरलेली निम्मी नापास होतात, हेही तेच सांगत. कोष्टक म्हणजे पुस्तकाचा कणा. अनुक्रमांक, पंतप्रधान, पक्ष, कालावधी, पतनाचं कारण. वॉलपोल, विल्मिंग्टन, पेल्हम, न्यूकासल, डेव्हनशर, पुन्हा न्यूकासल. रोज सकाळी दाढी करताना भीमराव ही माळ आजच्या दिवसापर्यंत जपत आणत, आणि गेल्या काही वर्षांत त्या बेटावर पंतप्रधान इतक्या भराभर बदलले की दाढी उरकायच्या आत माळ संपेना. अनिरुद्ध हा संपादक पोरगेला, पण चिकट. त्याने पेल्हमच्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सर, फेब्रुवारी १७४६. लॉर्ड बाथ. दोन दिवस. घ्यायचं का?' पाचव्या आवृत्तीलाही त्याने हेच विचारलं होतं. भीमरावांनी आज सकाळीच त्याखाली लाल शाईने 'नाही' लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

प्रश्न तसा जुना. पेल्हम आणि त्याच्या सगळ्या सोबत्यांनी एकदम राजीनामे फेकले, राजाने बाथला बोलावलं, तो हो म्हणाला, आणि मग दोन दिवस लंडनभर माणसं शोधत फिरला. चार-दोन जागा भरल्या, पुढे कुणी येईना. तिसऱ्या दिवशी कारभार आटोपला, आणि राजाने मुकाट्याने पेल्हमलाच परत बोलावलं. कुणी टवाळाने तेव्हाच लिहून ठेवलं की याच्या अख्ख्या कारकिर्दीत एकही चूक झाली नाही. इतिहासकारांत दोन तट आहेत, कुणी याला मोजतं, कुणी मोजत नाही. भीमरावांनी मात्र पहिल्या आवृत्तीतच एक कसोटी ठोकून बसवली होती, 'जे सभागृहापुढे उभं राहिलं नाही ते मंत्रिमंडळ नव्हे.' वर्गात हे वाक्य ते टेबलावर बोट आपटत म्हणत. परवापरवाच्या त्या एकोणपन्नास दिवस पंतप्रधान राहिलेल्या बाईंची जगाने चेष्टा केली, पण भीमरावांनी तिला सन्मानाने पूर्ण ओळ दिली. उभी राहिली ना सभागृहापुढे? मग मोजायची. नियम म्हणजे नियम. त्यात दयामाया नसते आणि म्हणूनच त्याच्यावर विसंबता येतं, असं त्यांचं मत होतं, आणि आपली मतं ते सहसा दुसऱ्यांदा तपासत नसत.

या विषयाशी त्यांची गाठ पडली तीही अशीच, इरेला पेटून. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत ते वाढले. वडील महिपती ओहोळ खडकीच्या कारखान्यात. छप्पन सालानंतर घरातले देव गेले, त्या फळीवर पुस्तकं आली, आणि वडील ती पुस्तकं न उघडताही रोज पुसत. एम.ए.ला विषय निवडायच्या वेळी एक प्राध्यापक अगदी गोड आवाजात म्हणाले होते, "ओहोळ, तुम्ही आपलं सामाजिक चळवळींवर काहीतरी घ्या, तुम्हाला जवळचं पडेल." भीमरावांनी तिथल्या तिथे इंग्लंडचा राजा आणि त्याची मंत्रिमंडळं घेतली, जेवढं लांबचं मिळेल तेवढं. वडिलांनी ऐकून विचारलं होतं, "राजा तोच राहतो आणि कारभारी बदलतात, असंच ना? मग गेलेल्या कारभाऱ्यांची नावं कोण ध्यानात ठेवतं?" भीमराव म्हणाले होते, "मी." महिपती त्यावर मनापासून हसले होते. तेव्हापासून नावं ध्यानात ठेवणं हा भीमरावांचा धंदा झाला. आता सदुसष्टाव्या वर्षी एखाद्या समारंभात कुणी एकोणिसाव्या शतकातल्या मंत्रिमंडळांची गल्लत केली तर ते मागच्या रांगेतून बसल्या जागी दुरुस्ती करत आणि वक्त्याचा चेहरा पाहून त्यांना मनातून बरं वाटे. त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

पण आज पुढची ओळ पुढे सरकेना. 'दोन' हा आकडा कोष्टकात जिथे जिथे आला तिथे डोळा अडकायला लागला. हे बरं नव्हे, असं स्वतःलाच बजावून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "ललिता, अगं, सरकारी कागद असतो तो. त्यांना चालू माहिती हवी असते." आत मेथीच्या जुडीचा दोरा तोडल्याचा आवाज आला. "आता एक आहे, तर एकच सांगायचं. उगीच गोंधळ." मग आतून ललिताबाई म्हणाल्या, "तिने आहेत किती असं विचारलं नव्हतं. झाली किती, असं विचारलं होतं." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. ट्रंक कॉल लावून देताना त्या जसं 'बोला' म्हणत तसाच तो आवाज होता. "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आतनं उत्तर दिलंत." भीमरावांपाशी यावर उत्तर होतं. त्यांच्यापाशी नेहमीच असे. पण लोटलेल्या दाराकडे बघून बोलणं जमेना, आणि ते परत फिरले.

मग त्यांनी अनिरुद्धलाच एकदाचं गप्प करायचं ठरवलं. घरातल्याला बोलता येत नाही तेव्हा माणूस बाहेरच्यावर घसरतो, तशातलाच हा प्रकार, पण भीमरावांना तेव्हा तो निव्वळ विद्वत्तेचा प्रश्न वाटला. गोदरेजच्या कपाटात, सगळ्यात खाली, पहिल्या कोष्टकाची हस्तलिखित वही होती. आपण हा निर्णय पहिल्यापासून, तत्त्वावर घेतलेला आहे, हे वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलं की पोरगं पुन्हा पेन्सिल उचलणार नाही. गुडघे कुरकुरले, पण वही सापडली. खाकी पुठ्ठा, वर 'ऑगस्ट १९९०'. पहिलंच पान. एक, वॉलपोल. दोन, विल्मिंग्टन. तीन, पेल्हम. चार, बाथ. भीमरावांनी चष्मा पुसला. चार, बाथ, १० ते १२ फेब्रुवारी १७४६, 'मनुष्यबळाच्या अभावी'. पाच, पुन्हा पेल्हम. सगळं त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत, ठसठशीत. आणि त्या चौथ्या ओळीवरून दुसऱ्या शाईची एक रेघ, इतकी जोरात ओढलेली की कागद फाटून खालच्या पानावर वळ उमटला होता. पुढचे सगळे आकडे त्याच शाईने दोन-दोनने मागे ओढलेले. शेजारी समासात, तिरकं, घाईचं अक्षर, 'जे सभागृहापुढे उभं राहिलं नाही ते'. वाक्य तिथेच तुटलं होतं.

ही वही त्यांच्याबरोबर कुठे होती ते त्यांना ताबडतोब आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असंही वाटून गेलं. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि बाकाची एक फळी निघालेली होती. सोमवारी पहाटे मुलगी झाली. भीमराव सकाळी तसेच स्वारगेटला उतरले, आणि मुलगी झाली की जिलबी वाटायची ही रीत मोडायची म्हणून मुद्दाम दोन किलो पेढे घेतले. कॉलेजात स्टाफरूमच्या अर्ध्या लोकांना ते पहिल्या तासाच्या आधी वाटले. "मुलगी झाली आणि पेढे?" असं कुणी विचारलं की त्यांना भाषण करायला संधीच मिळे, आणि त्यांनी ती एकदाही सोडली नाही. उरलेल्या अर्ध्यांना बुधवारी द्यायचे होते. बुधवारी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं, कुणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि हेच भीमरावांना सगळ्यात असह्य झालं. महिपतींनी तिला पांढऱ्या कापडात घेतलं आणि बापलेक नदीकडे गेले. पाऊस नुकता थांबलेला होता, माती जड होती. ललिता वॉर्डात झोपलेली, तिला त्यांनी उठवलं नाही. बाईमाणसाला कशाला, असं आई म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. परत येऊन ते बाकावर बसले, पिशवीतून वही काढली, आणि ललिता जागी होईपर्यंत काम करत राहिले. शुक्रवारी स्टाफरूममध्ये पेढे न मिळालेल्या एकाने हसत विचारलं, "काय ओहोळ, आमचे पेढे?" भीमराव म्हणाले, "काही नाही, संपले." पुढे मैत्री झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले आणि लोकांना सांगितलं, पहिलीच.

भीमराव वही मांडीवर घेऊन जमिनीवरच बसून राहिले. पस्तीस वर्षं आपण एका तत्त्वावर उभे आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ते तत्त्व एका निघालेल्या फळीच्या बाकावर, अर्ध्या तासात, दुसऱ्याच कुणाला तरी खोडण्यासाठी तयार झालेलं होतं. बिचारा बाथ. त्याने तर काहीच केलं नव्हतं. आणि गंमत अशी की खोडण्याने सगळं कसं छान जुळून आलं होतं. बाथ गेला की पेल्हम सलग होतो, त्रेचाळीस ते चोपन्न, साडेदहा वर्षं अखंड, कुठे सांधा दिसत नाही. बाथला आत घेतलं की पेल्हमचे दोन तुकडे पडतात, एक त्याच्या आधीचा आणि एक नंतरचा. माणसं तीच, खुर्च्या त्याच, राजाही तोच, पण आकडे दोन. भीमरावांना आपला संसारही सलग हवा होता. लग्न सत्त्याऐंशी साली, मैत्री त्र्याण्णवला, मध्ये काही नाही. आणि ललिता इतकी वर्षं याच घरात, याच टेबलावर त्यांना चहा देत, त्या नंतरच्या तुकड्यात एकटीच राहत आली होती. त्यांना स्वतःचा राग आला, आणि रागाच्या मागोमाग, आश्चर्य म्हणजे, एक ओळखीचं बळ आलं. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, मग ती कुणाचीही असो. मागच्या रांगेतून ते आयुष्यभर हेच करत आले होते. वक्ता स्वतःच निघाला म्हणून काय रीत बदलते?

त्यांनी अनिरुद्धला फोन लावला. "बाथ घ्यायचा," ते म्हणाले. "सर, म्हणजे खरंच? पण कसोटीचं वाक्य?" "ते काढायचं. ज्याला राजाने बोलावलं आणि जो आला, तो मोजायचा." "सर, मग पुढचे सगळे अनुक्रमांक दोनने बदलणार. सूचीतले पण. चार वाजता तर मी येतोय." "तू सहाला ये," भीमराव म्हणाले, "आणि त्या पोरांच्या परीक्षांचं मी बघून घेईन." फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि दाराला लॅच लावून ते जिना उतरले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता.

श्रद्धा त्यांना सी विंगच्या पायऱ्यांवर भेटली, मांडीवर टॅब, हातात डब्यातली पोळी. त्यांना बघून ती उठायला लागली. "बसा, बसा. ते मगाचं," भीमराव म्हणाले, आणि वाक्य कसं पुरं करावं ते सुचेना, जे त्यांच्या बाबतीत सहसा घडत नसे. "बी-अकरा. ओहोळ. तो मुलांचा आकडा. दुरुस्त करायचाय. दोन करा." श्रद्धाने पोळीचा घास गिळला. "दोनच आहे काका." "मी एक म्हणालो होतो." "तुम्ही म्हणालात, पण तो प्रश्न बाईलाच विचारायचा असतो. ती सांगेल तेच भरायचं, घरातलं दुसरं कुणी बोललं तर धरायचं नाही. ट्रेनिंगमध्येच सांगतात." आणि मग, बहुधा त्यांचा चेहरा बघून, जरा हळू आवाजात ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ. पाच-सहा घरांमागे एका घरात असं होतंच, आतून कुणीतरी ओरडतं." भीमरावांनी मान हलवली. उभ्या आयुष्यात त्यांची इतक्या थोडक्यात कुणी खोड मोडली नव्हती, आणि त्यांना ते चक्क आवडलं. ते वळणार तेवढ्यात श्रद्धा म्हणाली, "काका, एक मात्र राहिलं. तेव्हा काकूंना विचारवलं नाही. पहिलं बाळ मुलगा होता की मुलगी? हे नियमात बसत नाही तुम्हाला विचारणं, पण मला परत तुमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचं जिवावर आलंय." वरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. भीमराव वर्गात उभे राहत तसे ताठ उभे राहिले. "मुलगी," ते म्हणाले, "दोन्ही मुलीच."

घरी आले तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ललिताबाई टेबलाशी मेथी निवडत होत्या. देठ एकीकडे, पानं एकीकडे. भीमराव समोर बसले. "ती खाली भेटली. दोनच लिहिलंय तिने. मुलगी का मुलगा राहिलं होतं, ते मी सांगितलं." ललिताबाईंचा हात एका काडीवर थांबला, मग चालू झाला. पस्तीस वर्षांची माफी कशी मागायची ते भीमरावांना ठाऊक नव्हतं, त्याचं कोष्टक त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी ती जुनी वही मेथीशेजारी उघडून ठेवली, चौथ्या ओळीवरची रेघ आणि तो फाटलेला कागद दिसेल अशी. ललिताबाईंनी पान पाहिलं, वरची तारीख पाहिली. कितीतरी वेळ त्या तारखेवरून बोट फिरवत राहिल्या. "तिथे बसून हे केलंत होय," त्या म्हणाल्या. "हो." "मी जागी होते. तुम्ही दोघं तिला घेऊन गेलात तेव्हा. डोळे मिटून पडले होते." भीमरावांनी हात पुढे केला, आणि मेथीच्या मातीने भरलेला तो दुसरा हात हातात घेतला, आणि दोघंही, कुणी बघत नसताना, चांगलं पोटभर रडले.

नंतर भीमरावांनी नाक पुसलं आणि मुद्रितं आणली. "सहाला अनिरुद्ध येईल. सगळे आकडे बदलायचेत. तू सांगत जा, मी लिहितो. माझ्याच्याने एकट्याने होणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी या टेबलावर यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. ललिताबाईंनी हात धुतले, चष्मा लावला, वही स्वतःकडे ओढली आणि ऑपरेटरच्या आवाजात सुरुवात केली. "एक. वॉलपोल." "एक," भीमराव लिहिता लिहिता म्हणाले. "दोन. विल्मिंग्टन." "दोन." "तीन. पेल्हम." "तीन." "चार." त्या थांबल्या. "हाच का तो दोन दिवसांचा?" "हाच." "काय नाव म्हणालात?" "बाथ." भीमरावांनी लाल पेनाने दोन ओळींच्या मध्ये जागा करून ते नाव लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "आणि तिचं? आपण काही ठेवलं नव्हतं ना?"

"तुम्ही ठेवलं नव्हतं," ललिताबाई म्हणाल्या. "मी ठेवलं होतं. कल्याणी." मग चष्मा नाकावर नीट केला आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. "लिहा पुढे. पाच. पेल्हम."